आत्याचं देणं

आत्या गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी एक माणूस आमच्या दारासमोर येऊन उभा राहिला. मी उंबऱ्याशी बसून लसूण सोलत होते. घरात सुतक, चूल थंड, जेवण शेजारच्या काकूंकडून येत होतं. त्या लसणाचं काय करायचं होतं देव जाणे. पण गेली चौदा वर्षं त्या वेळेला मी लसूणच सोलत आले होते आणि हातांना दुसरं काही सुचत नव्हतं.

माणूस चाळिशीचा असेल. पांढरा सदरा, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, बगलेत रेक्झिनची पिशवी. मला वाटलं समाचाराला आलाय आणि बाई एकटी बघून संकोचतोय. मी म्हटलं, "या, बसा."

"बसायला न्हाय आलो, ताई," तो म्हणाला. "शेटनं धाडलंय. आज मी काय बोलत न्हाय, सुतक हाय. नुसतं हुबं ऱ्हायला सांगितलंय, तेवढं ऱ्हातो."

आणि तो राहिला. चांगला अर्धा तास, भिंतीला पाठसुद्धा न टेकता. त्याची कामाची रीतच ती होती, हे मला पुढे कळलं. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. चाळीत एखाद्या दारासमोर उधारीवाला मुकाट उभा राहिला की पाण्याला जाणारी बघते, जिन्यावरची बघते, पोरं खेळ थांबवून बघतात. आतल्या माणसाच्या घशाखाली मग घास उतरत नाही. भल्याभल्यांनी त्याला केवळ तिथून जावं म्हणून पैसे दिले असतील. मला मात्र काही वाटलं नाही. आत्या गेल्यापासून मला काहीच वाटत नव्हतं. रडले नाही म्हणून बायका माझ्याबद्दल कुजबुजत होत्या, त्याचंही काही वाटत नव्हतं. मी लसूण संपवला आणि दुसरा गड्डा घेतला.

आमची आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तरुणपणी नवरा गेला, तेव्हा गावात भावाच्या घरी भांडी घासत बसण्यापेक्षा मुंबईत चार लोकांना जेवू घालीन म्हणाली आणि लालबागला येऊन खाणावळ टाकली. तळमजल्याच्या दोन खोल्या, गल्लीकडे तोंड असलेल्या. एकीत चुली आणि आम्ही दोघी, दुसरीत पंगत. मला तिने अकराव्या वर्षी गावाहून मदतीला आणलं, चौथीतून शाळा सोडवून. त्याचा राग मी बरीच वर्षं धरला होता. मग कामाच्या रगाड्यात तो कुठे गेला कळलं नाही.

खाणावळीत बावीस गिरणी कामगार जेवायचे. बायकापोरं गावाला, आणि हे इथे एकेका खोलीत दहा-दहा जण पथाऱ्या टाकून राहणारे. बुधवारी बांगडा, रविवारी सुकं मटण. पहिल्या पाळीचे, दुसऱ्या पाळीचे, तिसऱ्या पाळीचे असे दिवसभर कुणी ना कुणी ताटावर असायचंच. प्रत्येकाचं ताट ठरलेलं, कडेला खिळ्याने आकडा कोरलेला. सातच्या ताटात आठने जेवलेलं आत्याला खपत नसे. हिशोबासाठी नव्हे, तिला आपलं ते आवडत नसे.

संप सुरू झाला तेव्हा पहिले दोन महिने सगळ्यांनी पैसे दिले. मग निम्म्यांनी, मग कुणीच नाही. बरेचसे गावाला निघून गेले. जे राहिले त्यांना आत्या जेवू घालत राहिली. मी भांडायचे. मी तिला म्हणायचे, "आत्ये, तांदूळ काय गिरणीत पिकतो? उधारीवर उधारी करतेस ती फेडणार कोण?"

"संप मिटलो काय देतले," ती म्हणायची. "खंय जातले ते? आणि गो, पोटाक काय संप नसता."

हे वाक्य ती इतक्या वेळा म्हणाली की पुढे पुढे तिने तोंड उघडलं की मीच ते तिच्या आधी म्हणून टाकायचे. चिडवायला. ती हसायची नाही. संप काही मिटला नाही. तो नुसता विरत गेला. संपाच्या दुसऱ्या वर्षी आत्याच्या पायाला जखम झाली, साखर होती हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तीन आठवडे हॉस्पिटलात पडून ती गेली. तेव्हा पंगतीत चार माणसं उरली होती.

नाक्यावरच्या धान्यवाल्या शेठकडे तिची उधारी होती चार हजार दोनशे. आकडा मला त्या माणसानेच सांगितला, पाचव्या दिवशी परत येऊन. त्याबरोबर निरोपही सांगितला. शेठला गोदामाला जागा हवी होती आणि आमच्या दोन खोल्यांवर त्याचा डोळा होता. भाड्याची पावती आत्याच्या नावावर, मी कागदोपत्री कुणीच नाही, आणि चाळीचा मालक शेठच्या उठण्याबसण्यातला. पैसे आले तर पावती माझ्या नावावर करायला शेठ शब्द टाकणार. नाही आले तर दोन्ही खोल्या तो घेणार आणि मी गावची वाट धरायची. आईवडील केव्हाच गेलेले; गावात भावाचं घर, भावाची बायको, आणि तीच ती भांडी. माझं वय पंचवीस, लग्न व्हायचं नाव नव्हतं. त्या खोल्यांखेरीज जगात माझं म्हणावं असं काही नव्हतं. हे सगळं मला कळत होतं. भिंतीवरचं कॅलेंडर वाचावं तसं कळत होतं.

"तुम्ही शेठकडे किती वर्षं आहात?" मी उगाच विचारलं.

"वर्ष झालं न्हाय अजून. साच्यावर हुतो मी, गिरणीत." मग खाली बघत म्हणाला, "संपातच हाय. पर घरात चार तोंडं हायत."

म्हणजे संपावरच्या कामगारांची उधारी वसूल करायला शेठने संपावरचाच कामगार ठेवला होता. कोण कुठल्या खोलीत राहतो, कोण कुठल्या गावचा, सगळं त्याला माहीत. शेठ हुशार, यात वाद नाही.

दहाव्याला आम्ही बाणगंगेवर गेलो. गावाहून भाऊ आला होता, क्रिया त्यानेच केली. आमच्यात बायका दहाव्याला जात नाहीत, पण आत्याला माझ्याशिवाय होतं कोण, तेव्हा मी गेले आणि कुणी अडवलं नाही. पंगतीतले चौघे आले होते. आणि तो माणूसही आला होता, पायऱ्यांच्या वर एका कडेला उभा. शेठला भीती वाटली होती की क्रिया आटोपली की आम्ही बहीणभाऊ तिथूनच परळच्या डेपोत जाऊन गावची एस.टी. पकडू. म्हणून नजर ठेवायला धाडलेलं. मला त्याचाही राग आला नाही. उलट वाटलं, बरं झालं, भटजी धरून आठवा माणूस मिळाला. आत्याच्या मयताला बावीस ताटांपैकी फक्त चार आली होती.

पिंड ठेवला आणि कावळा शिवेना.

कावळे होते, हवे तितके. समोरच्या पत्र्यावर ओळीने बसले होते. खाली येत, भाताजवळ चालत, मान तिरपी करून बघत आणि उडून जात. भटजी कबुतरं हाकलत होते. ऊन चढायला लागलं. मृताची इच्छा राहिली असेल तर ती ओळखून मोठ्याने शब्द द्यायचा असतो, म्हणून भाऊ पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, "आत्ये, बायेचा मी बगतलंय. तू काळजी करू नको."

कावळा हलला नाही. माझ्या भावाचा शब्द आत्याला चांगलाच माहीत होता म्हणायचं.

मग पंगतीतला सगळ्यात जुना गडी म्हणाला, "आत्या, गिरणी सुरू झाली की पहिल्या पगारात तुझे पैसे. आईशप्पत." काही नाही. दुसरा म्हणाला, खाणावळ बंद पडू देणार नाही. काही नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे झाले आणि मला काही सुचेना. चौदा वर्षं एका खोलीत काढलेल्या बाईची इच्छा काय असेल ते मला सांगता येईना. मी म्हटलं, "आत्ये, ये गो," आणि मागे आले. भटजींनी घड्याळ बघितलं, त्यांना अजून दोन ठिकाणी जायचं होतं. दर्भाचा कावळा करूया म्हणाले.

तेवढ्यात तो माणूस पायऱ्या उतरून खाली आला. चपला काढल्या, पिशवी चपलांवर ठेवली आणि पिंडासमोर उभा राहून हात जोडले. "आत्या," तो म्हणाला, सगळी लालबाग तिला आत्याच म्हणायची, "शेटचं देणं तुमच्या पोरीकडं मागणार न्हाय. माझा शब्द हाय."

कावळा खाली आला, भातात चोच घातली, आणि मग एकदम पाच-सहा आले.

माझ्या भावाच्या डोळ्यांत पाणी आलं. पंगतीतल्यांनी त्या माणसाच्या पाठीवर हात ठेवले. मला खरं सांगायचं तर अपमान झाल्यासारखं वाटलं. माझं कोण बघणार यासाठी आत्या अडली नव्हती, माझ्या हाकेलाही आली नव्हती. ती अडली होती वाण्याच्या देण्यासाठी. पुढे पुष्कळ वर्षांनी माझ्या डोक्यात आलं की त्याने शब्द दिला तो देणं फेडण्याचा नव्हता, पोरीकडे न मागण्याचा होता. पण तेव्हा मी तसा विचार केला नाही. तेव्हा भूक लागली होती एवढंच आठवतं.

मला वाटलं प्रकरण संपलं. एक तारखेला तो पुन्हा दारासमोर उभा. मी म्हटलं, "हे काय? तुम्ही तर शब्द दिला होता."

"मागत कुठं हाय, ताई," तो म्हणाला. "मागत न्हाय. शेट दुसऱ्यांना इचारतो, हा गेलता का, हुबा व्हता का. म्हून येतो."

अर्धा तास उभा राहून तो गेला. पुढच्या महिन्यात तसंच. मीही त्याची फिकीर सोडली.

तिसऱ्या का चौथ्या महिन्यात मी शेठच्या दुकानात तांदूळ आणायला गेले. आता रोखीने घेत होते, पाच-पाच किलो. शेठचे मेहताजी म्हणाले, "तुमचं काम चोख आहे हां. महिन्याला शंभर म्हणालात आणि एक तारीख चुकवत नाही. शेठ खूश आहेत. खोलीचं बोलणं त्यांनी सोडून दिलं."

मी तांदळाच्या पोत्यात हात घातला होता. तो तसाच राहिला. मी एकाही महिन्याला शंभर रुपये दिले नव्हते. शंभर रुपये म्हणजे मला तेव्हा महिन्याचं कोळसे आणि रॉकेल. कोण देत होतं ते लगेच कळलं, त्यात कळायचं काय होतं. त्याने शेठला सांगितलं होतं की पोरगी हप्त्याने द्यायला तयार आहे, आणि हप्ता स्वतःच्या पगारातून भरत होता. वसुलीवाल्याला पगार तो किती असणार? पण कावळ्याला शब्द दिला होता ना.

मेहताजी माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "हो."

एवढंच. आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले आहे, खाणावळवालीला बोलावंच लागतं, कालची आमटी आजची म्हणून खपवावी लागते. पण इतकं आखूड आणि इतकं पुरून उरलेलं खोटं दुसरं नाही.

पुढची तीन वर्षं मी गप्प राहिले. उद्या बोलू, या एक तारखेला बोलू, असं पहिले काही महिने म्हणत होते. मग तेही म्हणायचं सोडलं. तो यायचा, उभा राहायचा. मी भाकरी उलटायला आत जायचे. पहिल्या वर्षी माझ्याकडे खरंच काही नव्हतं, चार माणसांच्या पंगतीवर मी कशीबशी निभावत होते. एकदा म्हटलं, "जेवता का?" तो म्हणाला, "जेवून आलोय." न जेवता आलेल्या माणसाचं तोंड मला लांबून ओळखता येतं, तो माझा धंदा आहे. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

मी मनाशी एक ठरवून टाकलं होतं: हे त्याच्या आणि आत्याच्या मधलं आहे. मी कुठे त्याला शब्द द्यायला सांगितला होता? हे म्हटलं की बरं वाटायचं. म्हणजे बरं असंही नाही, काहीच वाटायचं नाही, आणि तेच मला हवं असायचं.

दुसऱ्या वर्षी काही गिरण्या अर्ध्यामुर्ध्या सुरू झाल्या, पंगतीत नऊ माणसं आली. शेजारच्या काकूंनी दादरच्या एका ऑफिसातल्या लोकांचे पोळी-भाजीचे डबे मिळवून दिले. पहिले सहा, मग पंधरा, मग तीस. गिरणीवाल्यांसारखी ही माणसं पोटभर जेवत नाहीत, पण पैसे महिन्याच्या महिन्याला देतात. मी एक बाई हाताशी घेतली. पावती माझ्या नावावर झाली, शेठने स्वतः शब्द टाकला. हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात, डाळीखाली, मी नोटा ठेवायला लागले. जे सांगायचं ते सांगून टाकते: तिसऱ्या वर्षी त्या डब्यात एका वेळी सातशे-आठशे रुपये असायचे, आणि एक तारखेला तो डब्यापासून दहा हातांवर उभा असायचा.

आता कुणाला वाटेल मी हावरट होते. तसं असतं तर समजायला सोपं होतं. पैसे मी खर्चही करत नव्हते. त्या एका "हो"च्या पुढे जायचं कसं, हेच मला समजत नव्हतं. बोलले असते तर आधी का नाही बोललीस हे आलं असतं, आणि दर महिन्याला ते आणखी एका महिन्याने वाढत होतं.

मग एका दुपारी त्याच्या जागी एक बाई येऊन उभी राहिली. त्याच भिंतीसमोर. हातात बाजाराची पिशवी, पिशवीत मेथीची जुडी. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी असेल.

"तुमीच का खाणावळवाल्या?"

"हो."

"आमचं मालक हितं येत्यात."

मी हात पुसले. "येतात. उधारी होती आमची, त्याच्या वसुलीला."

"वसुलीवाला पैसं घिऊन येतो," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "ह्ये घरनं शंभर घिऊन भाईर पडत्यात आन् रिकामं येत्यात. दर एक तारखेला. तीन वर्सं झाली. मी इचारलं तर तोंडातनं शब्द न्हाय. तवा म्हटलं तुमास्नी इचारावं. तुमचं आन् त्यांचं काय हाय त्ये एकदा सांगा, म्हंजी माझ्या जिवाचं मी बघीन."

शेजारच्या काकूंच्या दाराची फट मोठी झाली. मला हसूच आलं असतं. घामाने भिजलेली, कणकेने माखलेली, केसांना दोन दिवस फणी न लावलेली मी आणि तो भिंतीसमोर उभा राहणारा माणूस! पण तिच्या चेहऱ्याकडे बघून हसू आलं नाही. ती उत्तराची वाट बघत होती. बाणगंगेवर काय झालं, ते सांगायला किती वेळ लागला असता? आणि सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग आता तुम्ही भरा. किंवा घरी जाऊन त्याला थांबवलं असतं, हप्ता चुकला असता, शेठने विचारलं असतं, सगळं बाहेर आलं असतं. पावती नावावर झाली होती तरी शेठच्या मनात आलं तर मालकाला सांगून ती रद्द करायला कितीसा वेळ. हे सगळं त्या एका क्षणात माझ्या डोक्यात येऊन गेलं, याचं मला आजही नवल वाटतं. आत्याची इच्छा मला ओळखता आली नव्हती, पण खोलीचा हिशोब क्षणात झाला.

"मला काही माहीत नाही," मी म्हणाले.

तिने मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. "बरं," म्हणाली आणि गेली.

पुढच्या एक तारखेला तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग शेठचा एक नवा पोरगेला माणूस आला, तो उभाबिभा राहिला नाही, थेट दारात आला. "काकी, तीन हप्ते राहिलेत. तीनशे. नंतर तुमचं खातं बंद."

मी आत गेले, डब्यातून तीनशे काढले आणि आणून दिले. तव्यावर भाकरी होती, ती जळायच्या आत मी परतही आले. म्हणजे एवढंच काम होतं ते.

जुना माणूस कुठे आहे विचारलं. नोकरी सोडली म्हणाला, करी रोडला राहतो. चाळ सांगितली. मी आणखी आठ दिवस काढले. मग डब्यात होते नव्हते ते सगळे घेतले, सहाशे चाळीस, आणि दुपारी डबे गेल्यावर निघाले. लालबागहून करी रोड चालत दहा मिनिटं.

दुसऱ्या मजल्यावरची खोली. दार उघडं होतं, ती एकटीच होती. सामान खाली काढलेलं, फळ्या रिकाम्या, मध्ये सतरंजीत बांधलेलं एक गाठोडं. मला वाटलं साफसफाई चालली आहे. तिने मला ओळखलं, पण आत या म्हणाली नाही. मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले.

"ते आहेत?"

"म्होरं गेल्यात, गावाला. काय काम हाय?"

मी सांगितलं. सगळं, क्रमाने. आत्या, उधारी, कावळा, शब्द, दुकानातलं माझं "हो". मध्येच थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं म्हणून थांबले नाही. ती दोरीचा गुंता सोडवत ऐकत होती. माझं संपलं तरी बराच वेळ सोडवत राहिली.

"मी आले तवा तुमास्नी ह्ये ठावं व्हतं?"

"हो."

"मग का न्हाय बोललासा?"

चालत येताना मी पुष्कळ उत्तरं तयार केली होती. आत्यानंतर माझं मन ठिकाणावर नव्हतं, मला शरम वाटत होती, त्यांचा शब्द मोडायचा नव्हता. त्यातलं एकही तोंडातून निघेना, कारण ती माझ्याकडे सरळ बघत होती.

"खोली जाईल म्हणून," मी म्हणाले.

तिने मान हलवली, समजल्यासारखी. मग म्हणाली, "आमची दिली. पागडी घिऊन. उद्या सकाळची एस.टी. हाय."

मला लाज वाटली. आत्या गेल्यापासूनच्या त्या सगळ्या काळात मला नीट, अंगभर वाटलेली पहिली गोष्ट ती. मी पैसे पुढे केले. तिने ते न मोजता घेतले, कमरेला खोचले, आणि गाठोड्याला दोरीचा वेढा घातला.

"जरा हितं बोट धरा," ती म्हणाली.

मी आत गेले, वाकून गाठीवर बोट धरलं आणि तिने जोर लावून दोरी आवळली.